आज कोणाचे?

"आज कोणाचे?"

गुरुजींचा उजवा हात दहीभाताच्या मुदीवर थांबला होता. पंगतीत बसलेले वीस विद्यार्थी आपापल्या पानाकडे पाहात होते. मी वाढण्याची पळी हातात धरून गुरुजींच्या समोर उभा होतो.

"कपिलीचे," मी म्हणालो.

"कपिली, सुखी राहा," गुरुजी नेहमीप्रमाणे पुटपुटले आणि त्यांनी पहिला घास घेतला. तो त्यांनी जरा अधिक वेळ घोळवला. मग विचारले, "कपिलीची प्रकृती बरी आहे ना रे, हरेश्वरा?"

"बरी असावी. का?"

"दह्याला आज कशाचाच वास नाही."

"कडबा जुना असेल."

"असेल," ते म्हणाले, आणि जेवू लागले.

कपिली नावाची गाय सोनबा गवळ्याच्या गोठ्यात होती, हे सत्य होते. त्या दह्यात तिच्या दुधाचा थेंबही नव्हता, हेही तितकेच सत्य होते. ते दूध आदल्या दिवशी तालुक्याच्या डेअरीच्या गाडीतून, अर्ध्या-अर्ध्या लिटरच्या पिशव्यांतून आलेले होते. गुरुजींशी मी आयुष्यात पहिल्यांदाच असत्य बोलू लागलो होतो, अशी माझी त्या वेळी समजूत होती.

या गोष्टीला आता चाळीस वर्षे होऊन गेली. कृष्णाकाठच्या आमच्या त्या पाठशाळेत मी नवव्या वर्षी आलो, तो पोरका होऊन. गुरुजींनी, म्हणजे नीलकंठशास्त्र्यांनी, मला शब्दांची रूपे शिकवली, तशीच धोतर नेसायलाही शिकवले. मी चौतिशीचा झालो तेव्हा ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. दृष्टी जवळजवळ गेलेली, पण पाठ ताठ आणि वाणी निर्दोष. लहान मुलांना मी शिकवीत असे, आणि कोठीची व्यवस्थाही माझ्याकडेच होती.

गुरुजींचा एक नेम होता. दहीभाताचा घास घेण्यापूर्वी ते दूध कोणत्या गायीचे, हे विचारीत आणि तिचे नाव घेऊन तिचे क्षेम चिंतीत. हा नेम त्यांना त्यांच्या मातोश्रींनी लावला होता. "तांदूळ कोणाच्या शेतातला, ते आता पोत्यांत हरवले," असे ते म्हणत. "तेल कोणी गाळले, ते पिंपात हरवले. दुधाचे तेवढे अजून सांगता येते, तोवर सांगावे. ज्याचे खातो त्याचे नाव तरी घ्यावे." सोनबा त्यासाठी रोज एका गायीचे दूध निराळ्या चरवीतून आणी. गुरुजींचे दही त्याच दुधाचे, लहान मडक्यात निराळे लागे.

सोनबा सकाळी येई तो मागच्या दाराने. दूध मापून झाले की पुढे ओसरीवर जाई, आणि गुरुजींच्या पायांशी अर्धी घटका बसे. तेवढ्या वेळात मला विहिरीवरून पाणी भरावे लागे. रहाटाच्या करकरीतून ओसरीवरचे शब्द कळत नसत. कळे ते फक्त हसणे. गुरुजी हसत. मान मागे टाकून, मोकळ्या गळ्याने, डोळ्यांना पाणी येईपर्यंत हसत. मी घागर घेऊन अंगणात आलो की ते हसणे थांबे, आणि सोनबा उपरण्याने तोंड पुसत उठे.

"येतो धाकलं गुरुजी," असे मला म्हणे. त्याच्या त्या आदरातसुद्धा मला दडवलेले हसू दिसे.

पंचवीस वर्षांत गुरुजी माझ्यासमोर तसे एकदाही हसले नव्हते.

त्या वर्षी मार्गशीर्षात पुण्याच्या विद्वत्सभेत माझा वाद झाला. तीन दिवसांच्या वादानंतर सभेने मला शाल दिली. मी गाडीतून उतरलो तो पाय धुण्यापूर्वीच ती शाल गुरुजींच्या पायांवर ठेवली. त्यांनी विचारले, "मुद्दा कोणता मांडलास?" मी सांगितला. "दुसऱ्या पक्षाचे उत्तर?" तेही सांगितले. "बरे. शाल ठेव तिकडे. मुलांचा पाठ खोळंबला आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी सोनबाने ओसरीवर येऊन सांगितले की कपिलीला कालवड झाली. गुरुजींनी आपल्या हाताने सर्वांना गूळ वाटला. मलाही वाटला. तो खडा मी तोंडात टाकला नाही, विहिरीत टाकला.

त्याच पंधरवड्यात डेअरीची गाडी आमच्या गल्लीपर्यंत येऊ लागली होती. विश्वस्तांपुढे मी प्रस्ताव मांडला. ते दूध यंत्राने तापवून थंड केलेले असते, त्याची स्निग्धता ठरलेली असते, पिशवी बंद असते, गवळी आजारी पडला तरी गाडी चुकत नाही. शंभर गावांचे दूध एकत्र होऊन प्रत्येक घरी सारखेच पोचते. यांतला एकही मुद्दा लटका नव्हता. गावातील कित्येक घरांना त्या गाडीने खरोखर सुख झाले होते. विश्वस्तांनी मान डोलावली. त्यांना माझ्या मुद्द्यांत काहीच उणे दिसले नाही, कारण जे उणे होते ते मुद्द्यांत नव्हते.

सोनबाला मी मागच्या दारातच गाठले.

"उद्यापासून दूध नको, सोनबा."

त्याने चरवी खाली ठेवली. "काय चुकलं आमचं? पानी घातलं म्हनता का?"

"छे छे. पाठशाळा आता डेअरीचे दूध घेणार."

"आन् गुरुजींचं दही?"

"तेही."

"गुरुजींनी सांगितलं?"

"हो," मी म्हणालो. "त्यांचीच इच्छा आहे."

पन्नाशीचा, उंच, खांद्यावर घोंगडी टाकलेला तो माणूस एकाएकी ठेंगणा झाल्यासारखा वाटला. त्यात मला सुख झाले, हे इथे लिहून ठेवतो.

"त्यांनीच म्हनलं म्हंजे झालं," तो म्हणाला. "एकडाव पाया पडून जातो."

"ते जपाला बसले आहेत."

"आज मंगळवार न्हवं? मंगळवारी जपाला उशिरानं बसत्यात."

माझ्या गुरूंचा नित्यक्रम तो मला सांगत होता! "आज लवकर बसले," मी म्हणालो आणि दार लोटून घेतले.

गुरुजींना मी सांगितले ते असे: सोनबा आता डेअरीला दूध घालू लागला आहे, आपली चरवी पहाटेच मागच्या दारी ठेवतो आणि घाईने केंद्रावर जातो.

"बसायला वेळ नाही म्हणाला?"

"नाही म्हणाला."

"बरे," गुरुजी म्हणाले. त्यांचा हात ओसरीच्या त्या पायरीवर, जिथे सोनबा बसे तिथे, उगाच एकदा फिरला.

मी कल्पिले होते की आता ती सकाळची अर्धी घटका माझी होईल. दुसऱ्या दिवशी पाणी लवकर भरून मी त्या पायरीवर जाऊन बसलो.

"कोण? हरेश्वर?"

"हो, गुरुजी."

"मुलांचा पाठ घेतलास?"

"घेतो."

"मग घे."

मी उठलो.

पिशवीतल्या दुधाचे दही मात्र सुरेख लागे. साय म्हणावी अशी नाही, पण सुरीने कापावे असे एकसारखे. आजचे आणि कालचे ओळखू येणार नाही असे. रोज माध्यान्ही गुरुजींचा हात मुदीवर थांबे, रोज तो प्रश्न येई, आणि रोज मी सोनबाच्या गोठ्यातली नावे आलटून पालटून सांगे. कपिली, मोरी, चांदणी, ढवळी. गुरुजी नाव घेत, "सुखी राहा" म्हणत आणि जेवत. कधी एखादा शेरा मारीत. "मोरीने मिठाला तोंड लावलेले दिसत नाही." "चांदणी आणि कपिली यांचे अलीकडे फारच एकमत झाले आहे." मी हुंकार भरी. असत्य एकदा अंगवळणी पडले की त्याचेही अनुष्ठान होते.

नवव्या दिवशी मी म्हणालो, "ढवळीचे."

गुरुजींचा हात मुदीवरून उचलला गेला.

"ढवळीचे? नक्की?"

"नक्की."

पंगतीतील मुले जेवायची थांबली. मग गुरुजींनी दोन्ही हात जोडले. गायीचे नाव घेताना त्यांनी हात जोडलेले मी कधी पाहिले नव्हते. "ढवळी," ते म्हणाले, "तुझे कल्याण होवो, बाई." आणि त्यांनी तो भात शिताशितापर्यंत संपवला.

ते 'कल्याण' माझ्या मनात काट्यासारखे राहिले. त्यांनी 'सुखी राहा' का म्हटले नाही? दुपारचा पाठ मी चुकत चुकत घेतला. अखेर निश्चय केला, की सकाळी गुरुजी नदीवर गेले म्हणजे सोनबाच्या गोठ्यावर जाऊन यावे.

गुरुजी स्नानाला एकटे जात. कोणी हात धरलेला त्यांना खपत नसे. काठीने भिंतीचा कानोसा घेत ते घाटापर्यंत जात आणि परत येत. अलीकडे त्यांना परतायला उशीर होई. थंडीमुळे पावले मंदावली असतील, असा माझा समज होता.

सूर्य नुकता वर आला होता. गोठा नदीच्या वाटेवरच, वडाच्या पलीकडे. मी मागच्या बाजूने, कडब्याच्या गंजीआडून पुढे झालो. गव्हाणीवर तीन गायी होत्या. चौथ्या खुंट्याला दावे गुंडाळून ठेवले होते. खाली जमीन सारवलेली, आणि त्यावर हळदीकुंकवाची बोटे.

आणि त्या खुंट्याशेजारी, घडी घातलेल्या पोत्यावर, ओल्या धोतरानिशी गुरुजी बसले होते. हातात दह्याची वाटी. समोर सोनबा उकिडवा बसून धारेची चरवी पुसत होता.

"काल दुपारी त्याने ढवळीचे नाव घेतले," गुरुजी म्हणाले.

सोनबाचा हात थांबला. "जाऊन तीन दिस झालं तिला! आन् तुमी काय म्हनला?"

"काय म्हणणार? हात जोडले."

"आन् जेवला?"

"जेवलो. अन्नाने काय केले होते?"

"गुरुजी, आता लई झालं. तोंडावर सांगून टाका त्यांस्नी. म्हनावं, मला समदं ठावं हाय. तुमी पयल्याच दिशी हितं आला, म्हनून निदान मला तरी कळलं. न्हाईतर मी जलमभर म्हनलो असतो, गुरुजींनीच मला हाकलला."

पहिल्याच दिवशी! म्हणजे नऊ दिवस ते रोज सकाळी इथे येत होते. नऊ दिवस सारे ठाऊक असून ते मला दुपारी विचारीत होते, आज कोणाचे?

"तसे नाही सांगायचे," गुरुजी म्हणाले. "मी रोज विचारतो. एक दिवस तो खरे सांगेल. मागे सांगितले होते की नाही?"

"मांजराच्या येळंला?"

"मांजराच्या वेळेला!" आणि गुरुजींची मान मागे गेली. तेच ते हसणे, मोकळ्या गळ्याचे. विहिरीवरून इतकी वर्षे मी ऐकत आलो होतो ते, फक्त आता मध्ये रहाट नव्हता.

"पुन्यांदा सांगा," सोनबा म्हणाला. "लई डाव ऐकलंय, तरी सांगा."

"अरे, नऊ वर्षांचा होता. शिंक्यावरचे दही खाल्ले आणि म्हणाला, मांजराने खाल्ले. ओठाला दही तसेच! मी म्हटले, ठीक. तीन दिवस मी त्या मांजराला याच्या देखत रागावलो. शुद्ध संस्कृतात. हे मार्जारा, तुला लाज नाही, तुझ्या कुळाला कलंक लागला. ते बिचारे मिशा चाटीत बसायचे. चौथ्या दिवशी हा रडत आला. म्हणतो कसा—" गुरुजींना पुढे बोलवेना. "म्हणतो, गुरुजी, त्याला संस्कृत कळत नाही हो, मलाच रागवा!"

सोनबा मांडीवर थाप मारून हसला. गुरुजी डोळे पुसू लागले.

"आन् ती शालीची गोष्ट?"

"शाल!" गुरुजींचा आवाज खाली आला. "तो पाणी भरायला गेला की मी ती बोटांनी चाचपून पाहतो. काठ रुंद आहे. सोनबा, माझ्या गुरूंनाही त्या सभेत शाल मिळाली नव्हती. आणि त्याने मांडलेला मुद्दा मला सुचला नव्हता. मला, साठ वर्षे शिकवून!"

"मंग ह्ये तरी सांगा की त्यांस्नी!"

"मुलाची स्तुती बापाने तोंडावर करू नये. त्याची वाढ खुंटते. आमच्यात तशी रीतच आहे. म्हणून तर तुला सांगतो. नाहीतर मी कोणाला सांगणार होतो रे? तू यायचा थांबलास आणि माझे बोलायचे माणूस गेले."

"आता आमचं दूध बी डेअरीला जातं, गुरुजी. टाकीत वततो आन् रिकामी चरवी घिऊन येतो. कुनी इचारत न्हाई कंच्या गाईचं. तुमच्या पिशवीत माझंच दूध येत असंल. पर वळखनार कोन?"

माझ्या मागे पाचोळा वाजला. शेणाची पाटी कमरेवर घेऊन सोनबाची बायको हौसाबाई उभी होती. ती माझ्याकडे पाहात राहिली, मग गोठ्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे. मी हात जोडले, बोलू नये म्हणून.

"पायताणं काढून हुबं ऱ्हावा," ती अगदी हलक्या आवाजात म्हणाली. "गाईंस्नी चाहूल लागती."

मी मान हलवली आणि मागे वळलो.

"धाकलं गुरुजी, आत जात न्हाई व्हय?"

"नको. मी आत गेलो की ते हसणे थांबेल."

"मंग थांबू द्या," हौसाबाई म्हणाली. "थांबलं म्हंजे पुन्यांदा सुरू हुतं का न्हाई, ते तरी कळंल." आणि पाटी घेऊन निघून गेली.

मी आत गेलो नाही. तेवढे धैर्य नव्हते. पाठशाळेत परतलो तेव्हा गुरुजींचे मडके नेहमीप्रमाणे कोनाड्यात होते. त्यात पिशवीतले दही, डोळ्यांत भरावे असे एकसारखे लागलेले. ते फेकून द्यावे, सोनबाकडून वाटीभर आणावे आणि त्या गायीचे खरे नाव सांगावे, असा विचार मनात आला. पण तसे केले असते तर एका खऱ्या नावाखाली नऊ खोटी नावे झाकली गेली असती.

माध्यान्ही पाने मांडली. मुले बसली. मी दहीभाताची मूद गुरुजींच्या पानात घातली. हात मुदीवर थांबला.

"आज कोणाचे?"

"ठाऊक नाही, गुरुजी."

त्यांचा चेहरा हलला नाही. "म्हणजे?"

"पिशवीतले आहे. शंभर गावांचे. दहा दिवस हेच आहे. नावे मी मनाने सांगितली."

मुलांदेखत मी हे बोलत होतो. पण खोटे बोललो तेही त्यांच्या देखतच.

"आणि?"

"सोनबा यायचा थांबला नाही. मी त्याला तुमचे नाव सांगून थांबवले."

"कशासाठी?"

मी शब्द शोधू लागलो. पंचवीस वर्षांत त्यांनी मला अगणित शब्द दिले होते. त्यांतला एकच उपयोगाचा होता, आणि तो म्हणायला जीभ उचलत नव्हती.

"मत्सर, गुरुजी."

"सोनबाचा?"

"तो आला की तुम्ही हसता म्हणून."

त्यांनी हळूहळू मान डोलावली. हात अजून मुदीवरच होता. "आणि?"

हे तिसरे 'आणि' मला अपेक्षित नव्हते. यापुढे जे होते ते कोणालाच ठाऊक नव्हते, एका हौसाबाईवाचून. मी गप्प राहिलो असतो तरी चालले असते. माझ्या पायांखालची जमीन थंडगार होती.

"आज सकाळी मी गोठ्यामागे उभा होतो. सगळे ऐकले. ऐकले म्हणून आता सांगतो आहे. ऐकले नसते तर उद्याही एखादे नाव घेतले असते. ते आपल्याला कळावे."

मग गुरुजींच्या ओठांची कड थरथरली. मला वाटले, ते रडताहेत. त्यांनी मान मागे टाकली.

"म्हणजे मांजर याही वेळी निर्दोष ठरले!" ते म्हणाले, आणि हसले. माझ्यासमोर. पंगतीसमोर. मुले काही न कळताच हसू लागली, आणि मी पळी हातात धरून, डोळे न पुसता, तसाच उभा राहिलो.

हसणे ओसरल्यावर त्यांनी भाताकडे पाहिले, म्हणजे चेहरा खाली वळवला. "ज्या कोणी असाल," ते म्हणाले, "ज्या कोणत्या शंभर गावांच्या असाल, त्या सगळ्या सुखी राहा. तुमची नावे मला कोणी सांगितली नाहीत, हा तुमचा दोष नव्हे." आणि जेवू लागले.

त्याच संध्याकाळी दिवा लागण्यापूर्वी मी सोनबाच्या दारी गेलो. काय बोललो ते सांगत बसत नाही. तो ऐकून घेऊन एवढेच म्हणाला, "मुलांच्या दुधाचं ऱ्हाऊ द्या, ती गाडी चुकत न्हाई. गुरुजींचं तेवढं मी आनतो." हौसाबाईने आतून विचारले, "पायताणं काढली का न्हाई आज?"

सकाळी तो मागच्या दाराने आला, चरवी ठेवली, मोरीचे म्हणून सांगितले आणि ओसरीकडे निघाला.

"धाकलं गुरुजी, या की बसायला."

"तुम्ही बसा," मी म्हणालो. "पाणी भरायचे आहे."

विहिरीवर जाऊन मी रहाटाला हात घातला. थोड्या वेळाने ओसरीवरून ते हसणे आले. मत्सर गेला होता असे मी म्हणणार नाही. हसणे कानी पडताच छातीत जुनी कळ उठलीच. फक्त त्या दिवसापासून, ते ऐकू आले की मी रहाट थांबवीत असे.